ठेवून जा, बघते

प्रश्न असा आहे: "मी घरीच ब्लाऊज शिवते, तीन वर्षं झाली. मशीन दोन आहेत, हुक-काजाला दुपारी एक बाई येते. कोजागिरी झाली आणि आत्ताच माझ्याकडे ७० ब्लाऊज पडलेत, बहुतेक सगळे तुळशीच्या लग्नाआधी हवेत. ओळखीच्या बायका, नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या, कुणालाच नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी दिवाळीत तीन रात्री झोपले नाही, तरी चौघींचे राहिले आणि एकीनं खाली पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं. माझा स्वभावच असा आहे. तो बदलायचा कसा?"

तुझ्या वयाची मुलगी आहे मला, म्हणून तू म्हणते. नाशिकला पंचवटीत २६ वर्षं लेडीज टेलरिंग करते आहे आणि स्वभाव माझाही अजून तोच आहे. दारात बाई पिशवी घेऊन उभी राहिली की तोंडातून आधी 'या ना, बसा' येतं आणि मागून 'हो'. तो बदलायच्या नादाला मी लागले नाही. मी हिशेब बदलला. म्हणून स्वभावाचं राहू दे, आधी तुझ्या ७० चं बघू.

कोजागिरीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत २६-२७ दिवस मिळतात. दिवाळीचे सहा दिवस सोड. फराळ, पाहुणे, भाऊबीज यात मशीनचं झाकण निघत नाही. आठवड्याच्या सुट्टीचे तीन सोड. राहिले १८. आता दिवसाला ब्लाऊज किती होतात? तू म्हणशील चार. मीही चारच म्हणायचे. मग एकदा आठवडाभर घड्याळ लावून बसले. अस्तराचा साधा ब्लाऊज माझ्या मते दीड तासाचा होता. घड्याळ म्हणालं दोन तास चाळीस मिनिटं, कारण त्यात दाराची बेल होती, बॉबिन भरणं होतं, अस्तराला जुळणारं रीळ शोधणं होतं, आणि 'गळा जरा अजून मोठा कर गं' हा फोनही होता. अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायचा वेळ मी धरलेलाच नव्हता. घर सांभाळून मशीनवर खरे तास पाच-साडेपाच मिळतात. म्हणजे दिवसाला दोन. मशीन दोन असली तरी शिवणारी एकच. १८ दिवसांत ३६. त्यातले पाच-सहा उसवून दुरुस्त करण्यात जाणार, ते कुणालाच चुकलेलं नाही. हातात आले ३०.

७० ब्लाऊज ३० च्या जागेत बसत नाहीत. तू कितीही गोड स्वभावाची असलीस तरी बसत नाहीत आणि कितीही खमकी असतीस तरी बसले नसते. माझा भाचा सातपूरला एका कारखान्यात प्लॅनिंगचं काम बघतो. माझी वही बघून तो म्हणाला, मावशी, हे तर आम्हाला कॉलेजात होतं. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये गणितानं सिद्ध केलंय म्हणे: हातात पडलेलं काम भागिले रोज हातावेगळं होणारं काम, म्हणजे गिऱ्हाइकानं थांबायचे दिवस. ७० भागिले २ म्हणजे ३५ दिवस, तेही सुट्टी न धरता. ज्या बाईची पिशवी तू काल घेतलीस तिला तू तुळशीचं लग्न सांगितलंस, आणि तिचा ब्लाऊज व्हायचाय मार्गशीर्षात. फक्त ते तिला माहीत नाही.

तेव्हा आज रात्री जेवणं आटोपली की सगळ्या पिशव्या पलंगावर ओत. कापलेले एकीकडे काढ. कात्री लागली की तो तुझा झाला, तो पुरा करावाच लागेल. नवरीचे आणि नवरीच्या आईचे एकीकडे. उरलेले न कापलेले बघ. त्यातल्या निम्म्या बायकांनी तारीख अशी सांगितलेली नसतेच, 'दिवाळीत मिळाला तर बरं' एवढंच म्हणालेल्या असतात. त्यांना उद्या सकाळी अकराच्या सुमारास फोन कर. मेसेज नको, मेसेजवर नाराजी वाढत जाते. आणि सरळ बोल: "वहिनी, मी जास्त काम घेऊन बसले, चूक माझी. तुमचा ब्लाऊज मला मार्गशीर्षात देता येईल. नाहीतर कापड तसंच आहे, कात्री लावलेली नाही, आज घेऊन जा, ॲडव्हान्सही परत देते." अर्ध्याहून जास्त जणी मार्गशीर्षावर तयार होतात, हा माझा अनुभव. आठ-दहा कापड घेऊन जातील. दोन-तीन जणी बोलतील. बोलू दे.

कापड परत करायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. 'सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा' असं लोकांनीच म्हणून ठेवलंय. कापड मारायचा आणि वायदे टाळायचा आळ आपल्या धंद्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. पण आज परत दिलेलं कापड दुसऱ्या टेलरकडे जाऊ शकतं. धनत्रयोदशीला परत दिलेलं नुसतं कपाटात जातं.

हे मी शहाणपणानं शिकले नाही. २००९ च्या वैशाखात माझ्याकडे ५४ ब्लाऊज होते. पुढच्या गल्लीतल्या एक काकू आल्या. भाचीचं लग्न, येवल्याहून आणलेली पैठणी, ब्लाऊज आठ दिवसांत हवा. "एकच तर आहे गं," म्हणाल्या. मी म्हणाले, ठेवून जा, बघते. सात दिवस ती पिशवी माझ्या नजरेसमोर खुंटीला होती आणि मी बाकीच्यांचे वायदे फेडत होते. सातव्या रात्री दीड वाजता कापायला घेतला. काठ बाहीवर नीट यावा म्हणून मी बाह्या एकेक करून कापत होते. पहिली कापली, दुसरीच्या वेळी मापाचा कागद उलटा करायला विसरले. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. पैठणीचा पीस साडीबरोबरच मागावर विणून येतो, त्या रंगाचा आणि त्या काठाचा दुसरा तुकडा बाजारात कुठे मिळणार? सकाळी मेन रोडवर दुकानं उघडायची वाट बघत उभी राहिले, त्यातल्या त्यात जवळचा तुकडा आणला, पण तो लावून काही बरं दिसेना. नवरीनं बहिणीचा ब्लाऊज घालून पैठणी नेसली. काकू एका शब्दानं बोलल्या नाहीत. अजूनही रस्त्यात दिसल्या की हसतात. त्या घरातून पुन्हा कापड मात्र आलं नाही.

आता विचार कर, त्या काकूंना मी नाही म्हटलंच की. फक्त आठ दिवस उशिरा म्हटलं, आणि हातात वाया गेलेला पीस देऊन म्हटलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते आपण स्वतःपुरतं समजतो, की भीड धरली तर आपलं नुकसान. माझ्या भिडेचं नुकसान त्या नवरीनं सोसलं.

तेव्हापासून 'ठेवून जा, बघते' हे माझ्या दुकानात बंद आहे. आपल्या धंद्यातलं सगळ्यात घातक वाक्य ते. बोलताना आपल्याला वाटतं आपण हो म्हटलं नाही. ऐकणारीला वाटतं काम झालं. पिशवी उंबऱ्याच्या आत आली की तिच्या डोक्यातून ती काळजी उतरली आणि तुझ्या मानेवर बसली, आणि तारीख दोघींनीही ठरवलेली नाही. म्हणून तारीख वहीत लिहिल्याशिवाय पिशवी घ्यायची नाही. कोपऱ्यात ठेवू देते, कापायचा नाही, असंही नाही. पिशवी तिच्या हातात परत.

इथे घरच्यांना सांगून ठेवावं लागतं. माझ्याकडे ७० पिशव्या असल्या तर त्यातल्या वीस मी घेतलेल्याच नसायच्या. मी भाजीला गेलेली असताना सासूबाईंनी घेतलेल्या, नाहीतर मिस्टर फोनवर "हो हो, करेल ती" म्हणालेले. त्यांचा हेतू चांगलाच. घरी आलेल्या बाईला रिकामं कसं पाठवायचं? मी सासूबाईंना शिकवलं, "ती आली की या, वही तिच्याकडे आहे" एवढंच म्हणा. पहिले दोन महिने त्यांना ते उद्धटपणाचं वाटलं. नंतर त्याच मला सांगायला लागल्या, अमकीची तारीख लिहिलीस का.

वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यात आहे. दुकानदार जमाखर्चाला वापरतात तशी लांब वही घे. हंगाम सुरू व्हायच्या आधी, काम यायच्या आधी, पानं आखून टाक. आठवड्याला एक पान, दिवसाला दोन ओळी. शनिवार कोरा, तो दुरुस्तीचा आणि राहिलेल्याचा. दिवाळीच्या सहा दिवसांवर आडवी रेघ. अस्तराचा साधा ब्लाऊज एक ओळ खातो, प्रिन्सेस कट किंवा पॅडचा असला तर दोन. नवरी पाच ब्लाऊज घेऊन आली तर मोजून ओळी भरायच्या, 'नवरीचे पाच' असं एका ओळीत कोंबायचं नाही. मी कितीतरी वर्षं तेच करत होते. वही दिसायला मोकळी आणि खाली पलंगाखाली ढीग.

बाई आली की तिच्यासमोर वही उघड आणि तिच्याकडे वळवून ठेव. "काकू, बघा, तुळशीच्या लग्नापर्यंत ओळ नाही. ही पहिली मोकळी, लिहू?" बस. नाही तू म्हणत नाहीस, पान म्हणतं. आणि भांडायचं तर पानाशी भांडता येत नाही. माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना आता सवय झालीय, त्या स्वतःच पान उलटतात आणि "अगं, हिचा पुढे ढकल ना, ही माझ्या जावेची जाऊ आहे" असले उद्योग करतात. ते करू द्यायचे नाहीत.

दुसरं, कारण सांगायचं नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कारण दिलं की समोरची ते सोडवायला बसते. एकदा मी एकीला खोटंच सांगितलं, मशीन बिघडलंय. तासाभरात तिचा नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारात! मशीन रिपेअरिंगच करायचा तो. उघडून बघितलं, तेल घातलं, म्हणाला, वहिनी, काही झालेलं नाही, छान चालतंय. तो ब्लाऊज मी शिवला, बिनबोभाट. 'बरं नाही' म्हणशील तर संध्याकाळी हळदीकुंकवाला भेटशील. 'मुलाची परीक्षा आहे' म्हणशील तर ती म्हणेल, मग परीक्षेनंतर दे, आणि झालं, ठरलं! 'ओळ नाही, पुढची या तारखेला' हे पूर्ण वाक्य आहे. त्याच्यापुढे गप्प बसायचं. पहिली दहा सेकंद फार अवघड जातात. तोंडातून 'बघते' सटकायला बघतं. पाणी विचार, चहा विचार.

गोड बोलणाऱ्यांचं वेगळं. "तुझ्या हातासारखी फिटिंग कुणाला येत नाही गं" म्हटलं की मी अजूनही पाघळते. "साधाच शिव, पायपिंग नको, लटकन नको" म्हणणारी तर ट्रायलला पायपिंग आणि लटकन दोन्ही मागते. "मैत्रिणीच्या मुलीला दिलास ना कामात अडकलेली असताना?" म्हणणारीही भेटते, आणि तिचं खरं असतं. म्हणून एकीसाठी ओळ मोडली की ती गोष्ट गल्लीत फिरते, हे धरून चाल.

नातेवाईक हा विषय वहीनं पुरता सुटत नाही. नणंदेला वही दाखवून चालत नाही. मी सासरी-माहेरी मिळून एक रीत पाडली: नात्यातल्या नवरीचा लग्नातला ब्लाऊज माझ्याकडून आहेर, शिलाई घेणार नाही, फक्त दोन महिने आधी कापड द्यायचं. बाकी सगळे रांगेत आणि पैसे देऊन. हे मी हंगामात तोंडावर नाही सांगितलं, आखाडात सांगितलं, सगळ्या जणी निवांत असताना, हसत-खेळत. एक जाऊ वर्षभर रुसली होती. मोठी नणंद उलट म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मला दरवेळी तुला विचारायचा संकोच वाटायचा. ती मागत नव्हती, मीच म्हणत होते 'आण ना, घरचंच आहे'. कितीतरी वायदे असे असतात, कुणी न मागता आपणच वाढून ठेवलेले. तुझ्या ७० मध्ये शोध, चार-पाच तरी निघतील.

बाहेर कारीगराला देऊन सगळं घ्यायचं, असं तुला कुणीतरी सुचवेल. गिऱ्हाईक तुझ्या हाताला कापड देतं. न सांगता दुसऱ्याकडे शिवून घेतलंस आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो तिथे, फसलं तर नाव तुझं. त्यापेक्षा दुसऱ्या टेलरचं नाव सरळ सांग. मी आमच्याच भागातल्या दोघींकडे पाठवते, एक साध्या ब्लाऊजला, एक पंजाबी ड्रेसला. पाठवायच्या आधी त्यांना फोन करून ओळ आहे का विचारते, नाहीतर आपला ढीग नुसता त्यांच्या पलंगाखाली जातो. गिऱ्हाईक तिकडेच राहील ही भीती मलाही होती. काही राहिलीच. ज्या राहिल्या त्यांना उद्याच्या उद्या हवं असायचं, त्यामुळे माझं काही अडलं नाही. आणि त्या दोघी आता त्यांची जरीची कामं माझ्याकडे पाठवतात.

अर्जंटला जास्त पैसे घ्यावेत का? घ्यावेत, पण जागा राखून ठेवलेली असेल तरच. मी आठवड्याला एक ओळ कोरी ठेवते, तिला दीडपट शिलाई. ती गेली की दुप्पट दिले तरी नाही. सुरुवातीला मी दीडपट पैशाच्या मोहानं हव्या तेवढ्या अर्जंट घेत होते. त्या पैशानं रात्र काही लांबली नाही, साध्या गिऱ्हाइकांचे वायदे मात्र मागे गेले, आणि पुढच्या वर्षी त्याही सगळ्या अर्जंट म्हणूनच यायला लागल्या.

व्हॉट्सॲपवर डिझाईनचा फोटो आला म्हणजे ऑर्डर आली असं नाही, हे एकदा सगळ्यांना कळवून टाक. दिवसा उत्तर देऊच नकोस. रात्री नऊला वही समोर घेऊन बस आणि सगळ्यांना एकदम दे. मशीनवर असताना दिलेलं उत्तर नेहमी 'हो ताई' असतं.

आरी वर्कचा, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरतकाम केलेला ब्लाऊज असेल तर तारीख तू द्यायचीच नाहीस, आधी आरीवाल्याला विचार. भरगच्च काम असेल तर माझ्याकडचा आठ-पंधरा दिवस सहज घेतो, ते दिवस तुझ्या हातात नाहीत, आणि तिथून आल्यावर तुझी शिलाई. नवरीला मी दीड महिना आधी बोलावते. त्याहून उशीर झाला असेल तर आरी नको, तयार लेस लावू, असं तोंडावर सांगते. नवरीची आई नाराज होते, नवरी बहुधा होत नाही.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं की मुहूर्त बघून पानं आख. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी गणित बदलतं. २०२३ ला अधिक श्रावण होता, त्याचा लग्नांना फारसा फरक पडला नाही, चातुर्मासच होता. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले मुहूर्त गेले आणि लग्नं अलीकडे-पलीकडे दाटली. वर धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, लेकीला साडी घेतात, ते ब्लाऊज वेगळेच. अशा वर्षी एप्रिलच्या पानावर फेब्रुवारीतच नावं पडायला लागतात. कुणी लवकर आली म्हणून तिला 'अजून खूप वेळ आहे, नंतर या' म्हणू नकोस, तिचंच नाव आधी लिही.

मानेचं एक सांगून ठेवते. मला पंचेचाळिशीत मानेचा पट्टा लागला. डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती तास मान खाली असते? मी पाच सांगितले. मुलगी मागे उभी होती, ती म्हणाली, अकरा.

उद्याचे फोन सुरू करताना पार्किंगमध्ये सुनावणाऱ्या बाईचा पहिला लाव, तिचं कापड यंदाही तुझ्याकडे असणारच. ती काय बोलेल ते तुला आधीच माहीत आहे, त्यामुळे तिच्यानंतरचे सोपे जातील. आणि वही पेनानं लिही. पेन्सिलीचं नाव खोडता येतं, हे समोर बसलेल्या बाईलाही दिसतं.